सुरुंगाच्या वेळी शिवणकेंद्रात बाया बसवण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा खनिकर्म अधिकारी,
वाशीम

विषय : केनवड शिवारातील खदानीचा उद्याचा सुरुंग थांबवणेबाबत.
संदर्भ : शुभवसुंधरा खनिज कंपनीची 'सामाजिक दायित्व' पुस्तिका, पान ९.

महोदय,

मी उजमा परवीन शेख, रा. केनवड. कंपनीच्या महिला शिवणकेंद्रात शिक्षिका होते. केंद्र म्हणजे खदानीच्या कडेची टिनाची शेड. गावातले समाजमंदिर रिकामे असताना केंद्र इथे कशाला, असे मी विचारले होते. पाहुण्यांना खदान आणि विकास एकाच फोटोत दिसावा, असे उत्तर व्यवस्थापक राजपाल साहेबांनी दिले.

१. दि. ४ फेब्रुवारी रोजी अकराच्या सुरुंगाचा भोंगा झाला. शिकायला येणाऱ्या हिरीबाई इंगळे उठल्या. म्हणाल्या, "उजमा, मले बाहीर जाऊ दे. आज टिन लय हालून राह्यलं." त्या दिवशी फोटोवाले येणार होते. मी म्हणाले, "बसा मावशी, काही होत नाही." पाच मिनिटांत कुकरएवढा दगड टिन फोडून त्यांच्या डोक्यात पडला. कवटी फुटली. माझे तोंड, हात, मशीनवरचा परकर रक्ताने भरला. त्या जागीच गेल्या. त्यांना मी बसवले होते, हे मी इथे लिहून देते.

२. मयत "पाय घसरून" वारल्याचे कंपनीने लेखी कळवले. पुढे पुस्तिका निघाली. पान ९ वर हिरीबाईंचा जुना फोटो, खाली मजकूर : "आज त्या स्वतःच्या पायावर उभ्या आहेत."

३. दि. १० मार्चच्या प्रमाणपत्र वाटपात, शेडमध्येच, राजपाल साहेब माईकवर म्हणाले, "आमच्या एकाही भगिनीला ओरखडासुद्धा आला नाही." हिरीबाईंची मुलगी रेणू उभी राहिली, "मंग माही माय कायनं मेली?" दोन पहारेकऱ्यांनी तिला केस धरून ओढले, तोंड फरशीवर आपटले. तिचे दोन दात पडले. वाटपाच्या कपड्यांसाठी माझ्याजवळ इस्त्री तापलेली होती. ती मी साहेबांच्या टेबलावर टेकलेल्या हातावर दाबली. कातडी जळाल्याचा वास आला, तरी उचलली नाही. नंतर पहारेकऱ्यांच्या काठ्यांनी माझा उजवा हात मोडला, म्हणून हा अर्ज मी सांगते तसा रेणू लिहीत आहे.

४. कंपनीने तासाभरात माझ्याविरुद्ध तक्रार दिली. ती खरी आहे. जी शिक्षा होईल ती भोगीन. परंतु महोदय, उद्या अकराला पुन्हा सुरुंग आहे आणि शेडमध्ये नवीन चौदा बाया बसणार आहेत. गैरहजर राहील तिचे नाव कापणार, असे त्यांना सांगितले आहे.

तरी आज सायंकाळपर्यंत सुरुंग थांबवण्याचा आदेश व्हावा. न झाल्यास उद्या दहा वाजता मी आणि रेणू सुरुंगाची दारू भरलेल्या भोकांवर जाऊन बसू. कंपनीने आमचेही फोटो काढावेत.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत,
उजमा परवीन शेख
(डाव्या अंगठ्याचा ठसा)
दि. १२ मार्च २०२५

सोबत : पुस्तिकेचे पान ९, हिरीबाईंच्या मृत्यूचा दाखला.