तुझं काढ्याचं मडकं

प्रिय गुईझी,

तुझं काढ्याचं मडकं अजून माझ्याच शेगडीवर आहे. नऊ वर्षं झाली. माझ्या श्याओमानचे पाय पहिल्यांदा बधिर झाले तेव्हा तूच ते आणून दिलंस आणि वर दटावलंस, "परत करायला येऊ नकोस हं सूचिन. मडकं परत आणणारा आजारही सोबत आणतो. मला लागलं तर मी येईन न्यायला." तू कधी आली नाहीस, त्याचं मला बरंच वाटायचं, म्हणजे तुझ्या घरी आजारपण नाही.

थकले गं. मुळं भिजवा, मंद आचेवर ठेवा, गाळा, आणि चोथा रस्त्यावर टाका, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांबरोबर दुखणं निघून जाईल. हे रोज दोनदा. आपण दोघींनी औषधांच्या बाजारात वीस वर्षं हीच मुळं कापली, पण या वासाचा एवढा वीट येईल असं वाटलं नव्हतं. श्याओमान म्हणते, "आई, तुझ्या शेवयांनाही काढ्याचा वास येतो." तिला आता चोविसावं लागलंय. काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते.

तिचा डावा डोळा आजाराने गेला असं मी तुला सांगितलं होतं. ते अर्धंच खरं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, वायरवरचं रबर झिजावं तसं मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, गोळ्या सोडल्या तर झटका पुन्हा येईल. वैद्य थानही नाडी बघून म्हणाले होते की काढ्याने झोप लागेल, अंगात जोर येईल, पण गोळ्या चालूच ठेवायच्या. पण गोळ्यांनी पोरीचं तोंड इतकं सुजलं होतं की ती आरशात बघेना. काढा सुरू झाला आणि ती चार पावलं चालली. मला वाटलं, गुण काढ्याचाच. डॉक्टरांनीच बंद करायला सांगितलंय असं तिला खोटं सांगून मी गोळ्या थांबवल्या. तिसऱ्या आठवड्यात ती जेवायला बसली आणि म्हणाली, "आई, अर्धं टेबल कुठे गेलं?" वैद्य थानांनी तिची नाडी बघितली. तिच्या मनगटावरचा हात काढून घेतला आणि आम्हाला तडक दवाखान्यात पाठवलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, डोळा मात्र परत आला नाही.

परवा तुझी नणंद बाजारात भेटली. छीनभाऊजींना हाच आजार निघालाय, आणि तू त्यांच्या गोळ्या बंद करून नुसत्या काढ्यावर ठेवलंयस, असं म्हणाली. काढाही स्टीलच्या पातेल्यात, कारण श्याओमान आजारी असताना मडकं परत मागायचं कसं. काल मी श्याओमानला डोळ्याचं सगळं खरं सांगितलं. ती काठी घेऊन उठली आणि दुकानापर्यंत जाऊन आली. मग म्हणाली, "गुईझीमावशीला लगेच लिही. मडकं घेऊन जा म्हणावं, मला तेवढीच काढ्याची सुट्टी." मडकं घासून ठेवलंय. मी ते आणून देणार नाही, नियम तुझाच आहे. तू ये. आपण दोघी वैद्य थानांकडे जाऊ. पण येताना भाऊजींच्या गोळ्यांची डबी घेऊन ये, आणि घरातून निघायच्या आधी त्यांना आजची गोळी दे.

वाट बघणारी तुझीच,
सूचिन