लॉक-इन, लिक्विडिटी आणि आमचे हे

वाघोली, पुणे
१२ जुलै २०१९

तीर्थरूप मुक्ताआक्कांना,

धाकट्या भावजयीचा, म्हणजे मैनाचा, वाकून नमस्कार. (पत्र फाडायचं असेल तर निदान पहिलं पान वाचून फाडावं, ही विनंती.) आपले गुडघे कसे आहेत? दाजींची साखर आटोक्यात आहे ना? उरुळीला पाऊस झाला का? इकडे आम्ही दोघी मायलेकी, शालू आणि मी, ठीक आहोत. ठीक म्हणजे दोन वेळा जेवतो आणि एकमेकींसमोर रडत नाही.

तुमचे भाऊ जाऊन तीन महिने झाले. दहाव्याला तुम्ही आलात आणि चहा न घेता गेलात, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. तुम्ही गेल्यावर कपाट आवरताना ह्यांच्या कागदांची पिशवी निघाली. त्यातल्या एकाही कागदाचा अर्थ लागेल तर शपथ. आमच्या खालच्या मजल्यावर नीरजा म्हणून मुलगी राहते, ती म्युच्युअल फंडांच्या कचेरीत नोकरीला आहे. पिशवी घेऊन तिच्याकडे गेले. "काकू, आधी बेसिक टर्म्स क्लिअर करू या," म्हणाली. अशी मी पन्नाशीत नवी वही घातली. शिकलेलं दुसऱ्याला सांगितलं की पक्कं होतं, असं तिचं म्हणणं. सांगायला मला तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही, तेव्हा सोसून घ्या.

पहिला शब्द परतावा. म्हणजे घातलेल्या पैशावर जे मिळतं ते. जमीन विकल्यावर ह्यांनी मार्केट यार्डातली दिवाणजीची नोकरी सोडली आणि मच्छिंद्रशेठच्या योजनेत पैसे घातले. (तोच, नगर रस्त्यावर काचेचं ऑफिस आणि बोटभर जाडीची साखळी.) तो शंभराला महिना तीन देणार होता. नीरजाने कपाळाला हात लावला. "काकू, बँक वर्षाला सात देते आणि हा महिन्याला तीन? कुठून देतो, असं कुणी विचारलं नाही?" मी विचारलं होतं, एकदाच. "तुला काय कळतंय त्यातलं," असं उत्तर मिळालं, म्हणून पोळ्या लाटत राहिले. चौदा महिने पैसे आले. ते नव्याने येणाऱ्या लोकांच्या ठेवीतूनच येत होते, हे आता कळलं. मग एक दिवस शटर खाली आणि त्यावर पाटी : 'कार्यालय स्थलांतरित झाले आहे.' कुठे, ते लिहिलेलं नाही. हे रोज डबा घेऊन त्या पायरीवर जाऊन बसायचे. तिथे तीस-चाळीस माणसं जमायची, चहाची पाळी लावलेली असायची. जोखीम म्हणजे काय, हे नीरजाने दोन पानं लिहून दिलं. मला ती पायरी आठवली आणि पुढचं वाचायची गरज पडली नाही.

दुसरं, सगळा पैसा एका ठिकाणी ठेवू नये, चार ठिकाणी विभागावा. हे तर ह्यांनी केलं होतं हो! एक भाग मच्छिंद्रशेठच्या फर्ममध्ये, एक त्याच्या बायकोच्या आणि एक त्याच्या मेव्हण्याच्या. नीरजा पाणी प्यायला आत गेली, ती बऱ्याच वेळाने आली.

विम्याचंही तसंच. हप्ता भरला नाही की विमा बंद पडतो. ह्यांनी दोन वर्षं भरला नव्हता. एजंट दर वाढदिवसाला न चुकता शुभेच्छा पाठवायचा, हप्त्याची आठवण मात्र करून द्यायला विसरला. विमा माणसाच्या आधी गेला, एवढंच.

लिक्विडिटी म्हणजे गरज पडेल तेव्हा पैसा किती लवकर हातात येतो ते. हा शब्द मी वहीच्या आधीच शिकले होते. ह्यांच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्याने आधी लाख रुपये भरा म्हटलं. बँकेत दीड लाखाची ठेव होती, कर वाचवायची, पाच वर्षांची. मी पावती घेऊन धावत गेले. खिडकीतला साहेब म्हणाला, "बाई, याला लॉक-इन आहे. पाच वर्षं मोडता येत नाही."

"माणूस आयसीयूत आहे हो."

"नियम आहे. खातेदार मयत झाला तरच आधी मोडता येते."

मी आईच्या पाटल्या मोडल्या. बारा दिवसांनी ठेवही मोडता आली. साहेबाने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, फार सौजन्याने वागला.

राहता राहिली एसआयपी. दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप फंडात जाते, वाढीवरही वाढ होत जाते. पिशवीच्या तळाशी तसा एक कागद होता. दर महिन्याच्या पाच तारखेला दोन हजार, २००६ सालापासून. पगार बंद झाला, मच्छिंद्रशेठ पळाला, घरात दूध अर्धा लिटरवर आलं, तरी हे चार तारखेला जाऊन खात्यात दोन हजार भरत होते. मला पत्ता नाही. आज त्याचे सात लाखांच्या वर झालेत. नवऱ्याबरोबर पंचवीस वर्षं काढली, आणि त्याने एक गोष्ट धड केली ती मला तो गेल्यावर नीरजाकडून कळली.

शालूची तिसऱ्या वर्षाची फी या महिनाअखेरीस भरायची आहे. असो. पत्र लांबलं. दाजींना नमस्कार सांगावा.

आपली,
मैना

ता. क. : एक शब्द राहिला, नॉमिनी. खातेदार गेल्यावर पैसे ज्याच्या हाती देतात तो. त्या सात लाखांवर नॉमिनी तुम्ही आहात, आक्का. तुमची सही, पॅन कार्ड आणि रद्द केलेला चेक लागेल. नीरजा म्हणते, नॉमिनी मालक नसतो, मार्केट यार्डातल्या हमालासारखा. पोतं त्याच्या पाठीवर, माल दुसऱ्याचा. कायद्याने वारस शालू आणि मी.

दुसरा ता. क. : वरचं मी रागात लिहिलं. मग एसआयपीच्या त्या २००६ सालच्या फॉर्मवरची तारीख पाहिली. जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या कागदावर तुम्ही सही केलीत, त्याबदल्यात एक साडी देऊन आम्ही तुमची बोळवण केली, त्यानंतरच्या पंधराव्या दिवसाची ती आहे. 'नाते' या रकान्यात ह्यांनी 'थोरली बहीण' लिहिलंय. त्यातलं 'थोरली' लिहायची काही गरज नव्हती. हे पैसे तुमच्यासाठीच साठवलेले होते. तुम्ही सगळे ठेवलेत तर मी कोर्टात जाणार नाही. शालूच्या फीपुरते मात्र उसने मागते.

तिसरा ता. क. : शेवटच्या दुपारी हे म्हणाले, "आक्काला बोलव." मी बाहेर जाऊन आले आणि लाइन लागत नाही असं सांगितलं. मी फोन लावलाच नव्हता. तुम्ही सहीला आलात तर तोंडावर हे बोलायची हिंमत मला होणार नाही, म्हणून आधीच लिहून कळवते आहे. आता यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.