मेघनाचं कारबीन आणि सांगवीचे पाहुणे

मेघनाच्या आजोबांना तुळसाचा पुण्याहून जयभीम.

आपल्या नातीला बघायला आधी आली मुलाची आत्या, ती चपला काढायच्या आत चुलीपाशी डोकावली. मागून मुलगा आन् त्याचा बाप. सांगवीची ही माणसं लई गोड बोलत्यात, म्हणूनच मला शंका हाय.

बाप म्हणला, “पोरी, काम काय करतीस?” मेघना अशी खुलली! “कार्बनला चार हात असत्यात. कारबीन म्हंजी असा कार्बन, ज्याचे दोनच हात गुंतलेले, म्हणून ते घावंल त्याला धरतं. धातूवर, सिलिकॉनवर ते कसं घट्ट बसतं, ते मी बघते.”

मी म्हणलं, “कल्हईवाणी?”

“आजी, कल्हई झिजती. ह्ये सुटू नये, हीच खटपट.” माझा जीव सुपायेवढा झाला बघा.

आत्या लगीच फणकारली, “असल्या औषधांत राहून पोरंबाळं व्हतील का? लग्नानंतर सोडायचं.” मुलगा नुसता गप. गप माणसाचा मला जास्त संशय. सांगवी तुमच्या गावाजवळच, तिथं जरा चौकशी करा.

तुमचा खोकला कसा हाय? शेळी व्याली का?

ती माणसं रविवारी सकाळी जबाब घ्यायला येतो म्हणालीत. मेघनाला त्या दिवशी प्रयोगशाळेत जायचंय. मी तिचा डबा बांधून देणार हाय.