वॅफला रागवायचं असतं

स्टेथ्स, ३ ऑक्टोबर १८७४

चि. रूबेनास अनेक आशीर्वाद.

लबाडा, काल आलास आणि न जेवताच पळालास? मी मासे साफ करत होते, वर बघते तर दारात तू! मी विणलेला निळा स्वेटर अंगात, नखशिखान्त निथळत होतास. मी म्हटलं, ये रे बाळा, शेकोटीपाशी बस. टॉवेल आणेपर्यंत गायब! उंबरा मात्र कोरडा ठाक. शेजारची डॉर्कसकाकू म्हणते, तो तू नव्हेसच, तुझा वॅफ होता. म्हणून तशीच लिहायला बसले. ‘ताई, मीच आलो होतो’ एवढं कळव.

तुझी वाट बघणारी,
केझायाताई

मिडल्सब्रो, ५ ऑक्टोबर

ती. केझायाताईस, शि. सा. न. वि. वि.

मी कुठला येतोय! त्या दिवशी लोखंडाच्या भट्टीवर दोन पाळ्या केल्या. स्वेटर पेटीत आहे. वॅफ म्हणजे मरणाआधी दिसणारं जिवंत माणसाचं रूप, हे काकूचं पुराण. आमचे कारकून म्हणतात, मुळात वॅफ म्हणजे वाऱ्याची झुळूक, नाहीतर हात हलवून केलेली खूण. दिसलं न दिसलं, असं काहीतरी. झुळकीला काय भ्यायचं, भित्री भागूबाई?

लोभ आहे तो वाढव, भीती कमी कर.
रूबेन

स्टेथ्स, ७ ऑक्टोबर

चि. रूबेन,

आज आशीर्वाद नाहीत. झुळकीला तुझा चेहरा नसतो. वॅफ दिसला की खडसावून हाकलायचा, म्हणजे माणूस वाचतो. आणि मी त्याला ये बाळा म्हटलं रे! आई गेल्यापासून तुला कधी रागावले नाही, त्याचंच हे फळ. काकू म्हणते, अजून इलाज आहे. ज्याचा वॅफ, त्याने स्वतःच त्याला मोठ्याने झापावं. तर वाच: कार्ट्या, इथे काय काम तुझं? नसते उद्योग करायला आलायस! चालता हो आपल्या घरी! हे मोठ्याने म्हटल्याशिवाय इकडे यायला होडीत पाय ठेवशील, तर तुला माझी शपथ आहे.

राग मानू नकोस, पण ऐक.
केझाया

मिडल्सब्रो, ९ ऑक्टोबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

जन्मात पहिल्यांदा रागावलीस, तेही पत्रातून! मोठ्याने काही वाचलं नाही हं. ते मला तुझ्याच तोंडून ऐकायचंय, म्हणून पत्र खिशात घेऊनच येतोय. शपथ मोडली म्हणून हवे तेवढे धपाटे घाल. आपल्या जॉबमामाची होडी आज दुपारी तिकडे यायला निघतेय. धुकं दाट आहे, पण समुद्र शांत आहे. गारठा फार, म्हणून तुझा निळा स्वेटर घातलाय.

हे पत्र उद्या तुझ्या हाती पडेल, तेव्हा मी तुझ्या शेकोटीपाशीच बसलेला असेन.

तुझा लाडका,
रूबेन