अंजलैची रजा

४ मे २००७, शुक्र.

जेलच्या पुरुषांच्या बाजूला आमच्या संस्थेचं व्यसनमुक्तीचं काम दोन वर्षं चालू आहे. तिथे खुर्च्या, फळा, पंखा, सगळं. इथे बायकांच्या जेलमध्ये शिवणाच्या खोलीतली मशिनं भिंतीला सारून गटाने बसायचं. साहेब, म्हणजे सुपरिंटेंडेंट, आधी म्हणायचे, "मॅडम, बायका पीत नाहीत. पिणाऱ्यांच्या बायका असतात." आता तसं म्हणत नाहीत, पण पंखाही देत नाहीत. मागत राहायचं.

अंजलै आज गप्प. एरवी बोलायला सुरुवात तीच करते. निघताना दारात म्हणाली, "मंगळवारी जरा लवकर या. एकटीला बोलायचंय."

८ मे, मंगळ.

लवकर गेले. अंजलै इथल्याच समुद्रकाठच्या कोवलमची, मासळीवाली. सकाळी पाटी घेऊन दारोदार, विकून झालं की प्यायची. अशाच एका दुपारी नळावरून शेजारच्या सरोजाशी भांडण झालं. हिने ढकललं. सरोजा पायरीवर पडली ती उठलीच नाही. सात वर्षांची शिक्षा, चार झाली. हे सगळं गटात तिनेच सांगितलेलं.

आज नवीन ते असं. मुलीचं लग्न २७ तारखेला, गावातच. भावाने तिच्या रजेसाठी अर्ज केलाय आणि साहेबांनी माझं मत मागवलंय.

"लायक नाही म्हणून लिहा," अं. म्हणाली.

माझ्या मोडक्या तमिळने घात केला असं वाटून पुन्हा विचारलं. तेच.

"अक्का, मुलीचं लग्न आहे."

"म्हणूनच. आमच्याकडे लग्न म्हणजे घरोघरी बाटली. मी पिणार. मग ती आयुष्यभर सांगणार, आई लग्नात पिऊन पडली होती. त्यापेक्षा सरकारने सोडलं नाही, हे बरं."

 शुक्रवारी सांगते म्हटलं.

११ मे, शुक्र.

सांगायच्या आत साहेबांनीच बोलावलं. म्हणाले, "तुमच्या शब्दावर सोडतो. पण पिऊन आली, तर मशिनं परत जागेवर लावायची. गट बंद." हसत म्हणाले, पण गंमत नव्हती.

मी ठीक आहे म्हटलं. बाहेर आल्यावर कळलं की बाकीच्या सगळ्या जणींच्या वतीने मी ठीक आहे म्हटलंय. त्यांना न विचारता.

घरी नवरा, सुहास, अंबत्तूरच्या कामावरून दमून आला होता, तरी सगळं ऐकून घेतलं. "तिलाच नको असेल तर सोड ना." सोडता येत नाही. का, ते त्याला नीट सांगता आलं नाही. ती लायक नाही असं मला वाटतच नाही, एवढंच.

१५ मे, मंगळ.

तिला सरळ सांगितलं. "लायक नाही हे खोटं आहे. ते मी लिहिणार नाही. जायचं नसेल तर तुम्ही स्वतः साहेबांना सांगा, मुलीलाही तुम्हीच सांगा."

भडकली. "तुम्हाला काय, तुम्ही संध्याकाळी घरी जाता." मग तोंड फिरवून बसली. सगळ्यांसमोर.

खरं आहे, जाते मी घरी. तरी शब्द बदलला नाही. 

१८ मे, शुक्र.

अं. जाणार. काल मुलगी भेटायला आली होती. रडली नाही, आग्रह केला नाही. फक्त विचारलं, "आई, कुठल्या रंगाची साडी घेऊ तुला?" अं. म्हणाली, "हिरवी, असं निघून गेलं तोंडातून. आता काय करणार."

मग गटात लग्नघरच्या प्रसंगांची तालीम. सगळ्या वऱ्हाडी झाल्या. मुमताजने ओढणी खांद्यावर टाकून मामा केला: "पोरीच्या नावाने एक घोट, अंजलै, पाप लागेल नाही म्हटलंस तर." खोली हसून लोळली. अं. सुद्धा. पण उत्तर ठणकावून दिलं. मग एकीने तिला "खुनी" म्हणून हाक मारली, खऱ्यासारखी.  अं. उभी राहिली, म्हणाली, "हो. आणि आज माझ्या मुलीचं लग्न आहे. बाजूला व्हा."

भावाची बायको कला पीत नाही. ती सतत जवळ बसणार असं ठरलं. रात्री कुठे झोपायचं, कुठल्या गल्लीने जायचं, सगळं बोललो. सरोजाचं घर त्याच गल्लीत आहे. तिथून जायचं नाही. मागच्या वाटेने.

राव डॉक्टरांना सांगितलं. आमचे मानसोपचारतज्ज्ञ, तंजावरकडचे. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल आहे. म्हणाले, "भिऊं नका हो. पण उगाच आशाही नको." दोन्ही जमण्यासारखं नाही.

२५ मे, शुक्र.

दुपारी गेली. सोबत एक महिला पोलीस, साध्या कपड्यात. मंगळवारी सकाळी परत यायचंय. फाटकात मला म्हणाली, "जाऊन येते." बाकी काही नाही.

२७ मे, रवि.

मुहूर्त सकाळचा होता. मी घरी भांडी घासली, पुस्तकांचं कपाट आवरलं, पुन्हा भांडी घासली. सुहास म्हणाला, चल समुद्रावर. नको म्हटलं. समुद्र तर नकोच.

२८ मे, सोम.

मेट्रन कस्तुरीअम्मांचा फोन, अं. परत आली. एक दिवस आधी. मुदत उद्या सकाळपर्यंत होती. "तोंडाला वास नाही, चाल सरळ. पास झाली तुमची बाई." फोन ठेवला आणि मी हॉलमध्ये उगाच दोन फेऱ्या मारल्या.

२९ मे, मंगळ.

गटात सगळ्या तिच्याभोवती. साडी, जेवण, नवरा मुलगा कसा आहे. तिने सगळं सांगितलं. मग म्हणाली, "मी प्याले."

मामा आले होते, त्यांना परतवलं. कुणी टोमणे मारले, ते ऐकले. मग पंगतीत सरोजाचा नवरा येऊन बसला. कुणी बोलावलं नव्हतं. पोटभर जेवला. पान उचलून टाकलं, हात धुतले, आणि जाताना हिच्यासमोर थांबून म्हणाला, "मुलगी छान दिसते. सुखात राहू दे."

"शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहिले असते," अं. म्हणाली. "त्याने आशीर्वाद दिला. पोलीसबाई पंगतीत जेवत होती. मी मागे गेले आणि पहिला दिसला तो ग्लास उचलला. एक. मग कलाला म्हटलं, मला धर. तिने रात्रभर धरून ठेवलं. सकाळी म्हटलं, आता परत सोडा मला."

 मुमताज हळूच म्हणाली, "मॅडम, हे इथेच राहू दे." कस्तुरीअम्मा दारात होत्या. "मी काही ऐकलं नाही."

मलाही काही ऐकायचं नव्हतं. पण इथल्या खऱ्या बोलण्यावरच मला हा गट चालवायचाय. अं.ला बाजूला घेऊन विचारलं. तुमची परवानगी नसेल तर साहेबांना सांगणार नाही. पण साहेबांनी माझ्या शब्दावर सोडलं होतं. तुमच्या शिक्षेतल्या माफीचे दिवस कापले जातील कदाचित.

ती म्हणाली, "सांगा. आज लपवलं, तर पुढच्या वेळी मी कुणाला सांगू?"

३० मे, बुध.

साहेबांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे नापास."

"नाही साहेब. चार वर्षांनी तिने एक ग्लास घेतला, दुसरा घेतला नाही, मदत मागितली, मुदतीआधी परत आली आणि कुणाला वास आला नसताना स्वतः सांगितलं. पुरुषांच्या बाजूला असं एक उदाहरण दाखवा."

"अट काय ठरली होती?"

"ती अट मी मान्य करायला नको होती. चूक माझी. गटातल्या बायकांवर का काढता?"

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. "तूर्त बंद ठेवा. बघतो."

"लेखी द्या."

दिलं नाही. उठताना म्हणाले, "तुम्ही फार हट्टी आहात." नमस्कार केला आणि निघाले. 

३१ मे, गुरु.

लेखी काही आलं नाही. फोनही नाही. कस्तुरीअम्मांना विचारलं, मशिनं हलवलीत का? "मला कुणी सांगितलं नाही, मी कशाला हलवू?"

उद्या शुक्रवार. नेहमीच्या वेळेला जाणार. फाटकावर अडवलं तर कारण विचारायचं, बाहेर थांबायचं, मंगळवारी पुन्हा जायचं.

तालमीत आम्ही भांडणं केली, टोमणे मारले, मामा केला. कुणी चांगलं वागलं तर काय करायचं, हे मला सुचलंच नाही. उद्या आत सोडलं, तर तालमीला तेच घ्यायचं. सरोजाचा नवरा कोण होणार, माहीत नाही. कुणी तयार झालं नाही तर मी होईन.