सात चिठ्ठ्यांची ज्यूरी

१२ सप्टेंबर, शुक्रवार

माझीच चिठ्ठी निघाली! सातवी, शेवटची. मी नको म्हणायच्या आत टाळ्या.

मंगळवारी आमच्यातल्या आसावरीची मुलगी स्मृती शाळेच्या व्हॅनमध्येच राहिली. पाच वर्षांची पोर. बाकीची मुलं उतरली, ही मागे झोपलेली. ड्रायव्हर गुणाजीने गाडी उन्हात लावली, कुलूप घातलं. वॉचमन इब्राहीमने काच फोडली म्हणून वाचली. आता घरी आहे, पण दार लावलं की किंचाळते.

पोलिसांत जायचं नाही आणि निकालापर्यंत व्हॅन बंद, असं इथल्या मराठी मंडळाने ठरवलं. गुणाजीच्या इकाम्यावर, इथे राहायच्या परवान्यावर, एसी मेकॅनिक लिहिलंय, व्हॅन चालवायची त्याला परवानगीच नाही. त्याला कामावर ठेवलं म्हणून आपणही अडकू. मग कुमारकाका बोलले. त्यांचा पासपोर्ट अमेरिकेचा, तिथे ते ज्यूरीत बसले होते. "आपणही बसवू. साधी माणसं, चिठ्ठ्या टाकून. सातही जणांचं एकमत हवं." दोषी ठरला तर त्याच्या कफीलला, व्हिसा देणाऱ्या मालकाला, कळवायचं. म्हणजे खलास — रियाध सोडायचं.

आईला फोनवर सांगितलं. आमच्या घरात पाटी धरलेली मी पहिली, तिला ज्यूरी काय समजावू? म्हणाली, "तुका गावकीत बसवल्यानी? आणि बोलूक देतले?"

१३ सप्टेंबर, शनिवार

कुमारकाकांच्या घरी बसलो. गुणाजी उभाच राहिला. "दार लावायच्या आधी मी मागे वळून बघितलं. सीटवर कोण नव्हतं." मग त्याला खाली पाठवलं.

दोषी वाटत असेल त्यांनी हात वर करायचे होते. सहा झाले. माझा मांडीवरच.

"अगं, पोर मरता मरता वाचली!"

"माहीत आहे. पण तो खोटं बोलतोय हे आपल्याला कुठे माहीत आहे?"

दर्शना म्हणाली, "तुला मूल नाही ना, म्हणून सुचतंय हे."

न जेवताच पडले. झोप कसली!

१५ सप्टेंबर, सोमवार

यज्ञेशने आज पुन्हा विचारलं, आत काय चाललंय. बाहेर बोलायचं नाही हा नियम आहे. नाही सांगितलं. "बायको आहेस की न्यायमूर्ती?" हसला, पण जेवणाचं ताट टीव्हीसमोर घेऊन गेला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

स्मृतीसाठी मऊ खिचडी केली. पण ज्यूरीतल्या बाईने आसावरीकडे जावं का? डबा दाराशी ठेवला, बेल वाजवली आणि जिन्याने पळाले. चोरासारखी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बोलले! शेवटी बोलले.

आधी कुमारकाकांना विचारलं, "तिकडे ज्यूरीत घेण्याआधी काही विचारतात का हो?"

"विचारतात ना. आरोपीला ओळखता का, खटल्याशी काही संबंध आहे का. असला तर घरी."

"मग आपल्याला का नाही विचारलं?"

मग मीच बोलत सुटले. गाडी अकरा सीटची, मुलं सोळा. लहानगी खाली दप्तरांवर बसतात. ज्यूरीतल्या बाकी सहाही जणांची मुलं त्याच गाडीत. "अजून एक बसव" हे सगळ्यांनीच सांगितलेलं. माझ्या नवऱ्यानेसुद्धा — त्याच्या मित्राची दोन मुलं त्यानेच घुसवली. विचारलं असतं तर आपल्यातला एकही इथे बसला नसता. आणि स्मृती सीटखाली झोपली असेल तर गुणाजीला वळून बघूनही दिसणार नव्हती.

दर्शना रडायला लागली. विश्वनाथकाका म्हणाले, "सोडावं त्याला. शनिवारी शेवटचे हात वर करू." सगळ्यांच्या माना डोलल्या.

यज्ञेशचं नाव मी घेतलं हे त्याला अजून माहीत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बकाल्याच्या दुकानात भाजी घेत होते. मागून गुणाजी. मी वळले तर आडवाच आला.

"वहिनी, विश्वनाथकाकांनी सांगितलं मला. तुम्ही एकट्या माझ्या बाजूने राहिलात."

म्हणजे नियम मी एकटीच पाळते! म्हटलं, "बोलू नका माझ्याशी."

"तुमच्याशी खोटं कसं वागू? नाय बघितलं मी मागे. घरचा फोन आलेला. बोलत बोलतच कुलूप लावलं. रोज बघतो, वहिनी. त्या दिवशी नाय."

कोथिंबीर तिथेच टाकून आले.

कशाला सांगितलं त्याने! खोलीत जे बोललं गेलं नाही ते ज्यूरीने धरायचं नाही, असं कुमारकाकाच म्हणालेत. गप्प बसायला नियम आहे माझ्याकडे. काय सोय आहे! सांगितलं तर त्याची भाकरी जाते — आणि तीही माझ्यावर विश्वास टाकला म्हणून. नाही सांगितलं तर रविवारी इथला शाळेचा आठवडा सुरू झाला की पोरं पुन्हा त्याच्याच गाडीत.

चहा दोनदा उतू गेला. यज्ञेश बघत होता.

२० सप्टेंबर, शनिवार

सांगितलं. शब्दन् शब्द. मग हात वर केला.

माझा एकटीचाच.

"जाऊ दे गं आता," दर्शना म्हणाली. "माणूस आहे, चुकतो. परीक्षेच्या दिवसांत दुसरा ड्रायव्हर कुठून आणायचा?" विश्वनाथकाका खालच्या आवाजात म्हणाले, "आणि त्याने कफीलपुढे तोंड उघडलं तर? सोळा पोरं आपणच बसवलीत. तूच म्हणालीस."

एकमत नाही, म्हणून निकाल नाही. उद्यापासून व्हॅन सुरू.