खटकन पडणारा डबा

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी.
मीनानं जुना मोबाईल दिला. बटण दाबून बोललं की तो लिहून ठेवतो. मला वाचता येत न्हाई, म्हणून बिनधास्त बोलते. मीना माझी नात, जालन्याला दवाखान्यात नर्स. तिचे आईबाप पुण्याला. हसनाबादच्या घरात आम्ही दोघीच. पोरीनं करंटवरची गाडी घेतली. ती घरी चार्ज झाली तर मीना रोज जाऊन-येऊन करणार, न्हाई तर जालन्यात खोली घेणार. घेऊ दे! मला काय फरक पडतो? पण तिचं माझ्याशिवाय जमत न्हाई, म्हणून लक्ष घालावं लागतं.

सायंकाळी.
आदिनाथ वायरमन आल्ता. अंगणात खड्डा करून तांब्याची पट्टी पुरली, वरून कोळसा आन् मीठ. याला अर्थिंग म्हणतात. मीटरपासून गाडीची वेगळी लाईन, भिंतीवर दोन डबे. एक लोड जास्त झाला की खटकन पडतो, म्हंजे करंट तोडतो. दुसरा करंट बाहेर गळाला की पडतो. कुठं गळतो, विचारलं. म्हणाला, आजी, तुमच्या अंगातून जमिनीत. मी म्हणाले, चाळीस शेळ्यांमागं हिंडलेली बाई मी, माझ्या अंगातून जायची त्याची हिंमत हाय का?
मीनानं बजावलं, या बोर्डाला गाडीशिवाय काही लावायचं न्हाई. बराबर हाय. आपण हात लावायचा न्हाई. पक्कं.

२२ एप्रिल. दुपारी.
हात लावला. उकाडाच तसा हाय. घरातल्या लाईनवर माझा लोखंडी कूलर नुसता रांगतो. नव्या लाईनवर काय वारा सुटला! कूलरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण होतं, दहा वर्षं झाली. गुडघ्याला बरं असतं. बनवणाऱ्यानं मुद्दाम दिलं असंल.

२३ एप्रिल. सकाळी.
डबा पडला. काल मीना गाडी लावून आत झोपली, मी शेजारच्या पॉइंटला कूलर लावून अंगणात बाज टाकली. पाणी सांडून कूलरखालची जमीन ओली झाली आन् खट! कूलरबी बंद, गाडीबी बंद. डबा भित्रा निघाला. मीना उठायच्या आत कूलर घरात नेला. गाडी अर्धीच भरली. मीनानं विचारलं, आजी, काही लावल्तं का? मी? मला कुठं बटणं कळतात!

२५ एप्रिल. सकाळी.
काल पुन्हा कूलर लावला, आन् डबा पडूच नये म्हणून त्याचा खटका शेळीच्या दाव्यानं वर बांधला. तरी पडला! खटका वरच, आतून सुटला. असली बेइमानी माझ्या एकाबी शेळीनं केली न्हाई. दावं सोडायचं राहिलं, ते मीनाला दिसलं. तुझ्यासाठीच बांधलं, म्हणाले. ती बसनं ड्यूटीवर गेली. उशीर झाला म्हणून तिथं बोलणी खाल्ली.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी.
काल आदिनाथ तपासायला आला. कूलर मी आधीच मागच्या माळवदाच्या खोलीत झाकून ठेवल्ता. डब्यावर तपासायचं बटण असतं. ते दाबलं, डबा पडला. खटका वर केला, तर पुन्हा पडला न्हाई. रात्री मी आतच झोपले. गाडी पूर्ण भरली. योगायोग, दुसरं काय.

२८ एप्रिल. सकाळी.
काल रात्री लई उकडलं. कूलर एकच तास लावीन म्हणाले. डबा पडला. पुन्हा योगायोग.
मीना चिडली न्हाई. म्हणाली, आजी, इथं जमायचं न्हाई, बुधवारी खोलीवर जाते. जा की! अडवलंय कुणी?

२९ एप्रिल. सायंकाळी.
मीना बॅग भरून राह्यली. माझ्यासमोर. घड्या इतक्या नीट की मोडायच्याच न्हाईत जणू.
मी सहज विचारलं, समजा एखादा कूलर गळत असंल, तर डबा पडतो का?
मीनानं हातातली साडी खाली ठेवली. आदिनाथला फोन केला. तो आला, त्यानं कूलर चालू करून पत्र्याला टेस्टर टेकवला. दिवा पेटला. म्हणाला, आजी, डबा बराबर हाय, करंट कूलरातून गळतोय. घरातल्या लाईनला असा डबाच न्हाई. ओल्या पायानं एखाद्या दिवशी धरला असता, तर यानं तुम्हाला सोडलं नसतं.
मी म्हणाले, झिणझिण गुडघ्याला बरी असती. आदिनाथ हसला. मीना हसली न्हाई. तिनं माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, पेशंटचे पाहतात तसे.

३० एप्रिल, बुधवार. सकाळी.
मीनानं कूलरची वायर कापली. घरातल्या लाईनलाबी तसाच डबा बसवायला सांगितला. मंग बॅग रिकामी केली. मी कुणाला राहा म्हणाले न्हाई, हे ध्यानात ठेवावं. जिंकलेच मी! तिला म्हणालेबी, माझ्याशिवाय तुझं जमत न्हाई, कबूल कर.
ती म्हणाली, माझं जमतं गं आजी. खोली चांगली होती. पण तुला एकटीला ठेवायची सोय न्हाई.
भाकरी थापायला गेले. तिनं हातातला गोळा काढून घेतला, म्हणाली, तू बस, मी करते.
बसले.